आजीच्या वह्या: गुणधर्म-फाइलची नोंदवही

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

आजीच्या अकरा वह्या टाइप करण्याचे काम आजपासून गिटमध्ये, म्हणजे फाइल्समधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत. मजकुराच्या २१४ फाइल्स आहेत: जात्यावरच्या ओव्या, उखाणे, लोणच्यांची प्रमाणे, मधूनच दूधवाल्याचा हिशेब. मावशी साताऱ्याला विंडोजवर टाइप करते, मामा नाशिकहून थोडे फोनवर, थोडे लॅपटॉपवर करतात आणि मी पुण्यात उबुंटू लिनक्सवर बसते. १४ ऑगस्टला आजीची पुण्यतिथी. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना एक झिप द्यायची, असे ठरले आहे.

प्रत्येक फाइलबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. ओळींचे शेवट कसे ठेवायचे (विंडोज आणि लिनक्स ते वेगवेगळ्या चिन्हांनी लिहितात), मुद्रितशोधन झाले का, आणि ती फाइल झिपमध्ये द्यायची की नाही. आत्तापर्यंत हे मामांच्या एका तक्त्यात होते. तक्ता एकीकडे, फाइल्स दुसरीकडे, त्यामुळे जूनमध्येच दोघांचा मेळ सुटला. आता हे सगळे गिटॲट्रिब्यूट्स या गुणधर्म-फाइलमध्ये लिहायचे. ती मजकुराबरोबरच कमिट होते (गिटच्या इतिहासात नोंदली जाते), म्हणजे कोणत्याही दिवशीचा मजकूर काढला की त्या दिवशीची स्थितीही सोबत येते.

ही नोंदवही मावशीही वाचते, म्हणून आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. चालवताना त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

७ जुलै

मावशीला फोनवर समजावले तेच इथे उतरवते. गुणधर्म-फाइलच्या ओळीत आधी फाइलनावाचा साचा, मग मोकळी जागा, मग गुणधर्म. एखाद्या फाइलसाठी गुणधर्माच्या चार अवस्था असू शकतात. नुसते नाव लिहिले की तो सेट. नावाआधी उणे चिन्ह दिले की अनसेट. बरोबरचे चिन्ह देऊन काही लिहिले की ते त्याचे मूल्य. आणि कुठेच उल्लेख नसेल तर अनस्पेसिफाइड. अनसेट आणि अनस्पेसिफाइड एकच, असे मावशीला वाटले. तसे नाही. «नको» असे स्पष्ट सांगणे वेगळे आणि काहीच न सांगणे वेगळे.

मुद्रितशोधनासाठी स्वतःचा गुणधर्म केला, «तपास». गिटला त्याचा अर्थ कळत नाही आणि कळायची गरजही नाही. विचारले की तो मूल्य परत देतो, एवढे मला पुरे. नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागले, कारण गुणधर्माच्या नावात इंग्रजी अक्षरे, अंक, उणे, टिंब आणि अधोरेषा एवढेच चालते. मूल्याला मात्र ही अट नाही. त्यामुळे `तपास=झाले`, `तपास=बाकी` यांतले दुसरे शब्द खरेच देवनागरीत आहेत. हे पाहून मला फार बरे वाटले.

ओळींच्या शेवटांसाठी `* टेक्स्ट=ऑटो`, म्हणजे ते गिटनेच पाहायचे. विषय मिटला.

१० जुलै

विचारण्याची आज्ञा `गिट चेक-ॲट्र`. आधी गुणधर्माचे नाव, मग फाइलचा मार्ग. एका फाइलचे सगळे गुणधर्म हवे असतील तर `-ए`. उत्तर «मार्ग: गुणधर्म: मूल्य» असे येते.

पहिल्याच उत्तरात मूल्य «झाले» असे स्वच्छ उमटले आणि मार्गाच्या जागी अवतरणचिन्हांत उलट्या तिरप्या रेषा आणि तीन-तीन आकडे. ३४०, २४४ असे सारखे पुन्हा पुन्हा. गिट आस्कीबाहेरची (साध्या इंग्रजी संचाबाहेरची) अक्षरे असलेला मार्ग एकेक बाइट (साठवणीचा एकेक घटक) अष्टमान पद्धतीत लिहून दाखवतो. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांचे, म्हणून आकड्यांची ही माळ. `कोअर.कोटपाथ` ही सेटिंग फॉल्स केली आणि नावे वाचता आली. मावशीच्या आणि मामांच्या यंत्रावरही तेच करून दिले.

स्क्रिप्टसाठी (आज्ञा आपोआप चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी) मात्र `-झेड` वापरणार. त्यात प्रत्येक भाग शून्य बाइटने संपतो आणि मार्ग जसाच्या तसा येतो. फाइलनावात विसर्ग म्हणून कुणी कोलन टाइप केला, तर साध्या उत्तराचे तुकडे चुकीच्या जागी पडतील. मामा तसे करतात.

१२ जुलै

आजची दुपार एका चौकटी कंसात गेली.

पहिल्या वहीच्या नऊ भागांचे मुद्रितशोधन झाले. फाइल्सची नावे भाग-१ ते भाग-९. मी ओळ लिहिली: `भाग-[१-९].टीएक्सटी तपास=झाले`. कुठल्याही शिकवणीत असते तसे, फक्त अंक आपले. चेक-ॲट्रने नऊही फाइल्ससाठी अनस्पेसिफाइड सांगितले. ओळ दहादा वाचली. ओळीत चूक दिसेना, कारण वाचणाऱ्या माणसासाठी त्यात चूक नाहीच.

गिटचा साचा जुळवणारा भाग अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो. कंस म्हणजे एका बाइटाची जागा. १ हा अंक तीन बाइटांचा, म्हणून एका कंसात तो मावत नाही. प्रश्नचिन्हाचेही तेच. `भाग-?.टीएक्सटी` जुळत नाही, पण `भाग-???.टीएक्सटी` जुळते. एका देवनागरी अंकाला तीन प्रश्नचिन्हे! तारका कितीही बाइट घेते, म्हणून शेवटी `भाग-*.टीएक्सटी` केले आणि दहावा भाग आला तर काय, याची टीप शेजारी लिहून ठेवली.

इंग्रजी फाइलनावांवर काम करणाऱ्याला हा फरक जन्मात जाणवणार नाही. आपल्याला पहिल्या आठवड्यात जाणवतो. मराठीत हे कुठे लिहिलेले मला सापडले नाही, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

१३ जुलै

मामांच्या फाइलनावांत मोकळ्या जागा. `लोणचे २.टीएक्सटी` असा साचा लिहिला तर मोकळ्या जागेपाशी साचा संपतो आणि पुढचे «२.टीएक्सटी» गुणधर्म म्हणून वाचले जाते. त्यात देवनागरी अंक असल्याने हे वैध गुणधर्म-नाव नाही, अशी तक्रार ओळ क्रमांकासह आली आणि ती ओळ सोडून दिली गेली. साचा दुहेरी अवतरणात घातला की काम होते. मामांना नावांत जागेऐवजी उणे चिन्ह वापरायला सांगितले. ते लगेच हो म्हणाले.

१९ जुलै

मावशीने दुसऱ्या वहीचे मुद्रितशोधन पूर्ण केले. तिने आपणहून ओळ जोडली: `दुसरी-वही/ तपास=झाले`. गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फाइल्सकडे दुर्लक्ष करायचे त्या यादीत) असे लिहिले की आतले सगळे धरले जाते, हे तिला मीच शिकवले होते. गुणधर्म-फाइलमध्ये तसे होत नाही. फोल्डरला जुळलेला साचा आतल्या फाइल्सपर्यंत उतरत नाही. `दुसरी-वही/**` लिहिले आणि २६ फाइल्स झाल्या. नकारार्थी साचाही इथे चालत नाही. एखादी फाइल वगळायची तर खाली तिच्यासाठी वेगळी ओळ लिहायची, कारण नंतरची ओळ आधीच्या ओळीला मागे टाकते. तेही गुणधर्मागणिक: खालची ओळ फक्त तपास बदलत असेल, तर वरच्या ओळीतला टेक्स्ट तसाच राहतो.

«झिपमध्ये देऊ नको» असे सांगणाऱ्या एक्सपोर्ट-इग्नोर या गुणधर्माची गोष्ट निराळी, आणि तिथे मी पाच मिनिटे घाबरले. «हिशेब» हे फोल्डर झिपमध्ये द्यायचे नाही, म्हणून `हिशेब एक्सपोर्ट-इग्नोर` अशी ओळ होती. आतल्या एका फाइलबद्दल विचारले तर अनस्पेसिफाइड. म्हणजे दूधवाल्याची उधारी सगळ्या नातेवाइकांकडे जाणार? झिप बनवणारी `गिट आर्काइव्ह` चालवून यादी काढली, तर हिशेब त्यात नव्हते. आर्काइव्ह फोल्डरपाशीच थांबून त्या फोल्डरचा गुणधर्म विचारते. तिथे सेट मिळाले की ते आत शिरतच नाही. चेक-ॲट्रने खोटे सांगितले नव्हते. मी फाइलबद्दल विचारले आणि उत्तर फोल्डरपाशी होते. दोघांचे बोलणे एक व्हावे म्हणून इथेही `हिशेब/**` केले.

२६ जुलै

मावशीच्या यंत्रावर एका फाइलचे तपास «बाकी», माझ्याकडे «झाले». कमिट एकच, फाइल एकच.

गुणधर्म शोधताना गिट असे जातो: सर्वांत वरचा मान `डॉट-गिट` फोल्डरमधल्या `इन्फो/ॲट्रिब्यूट्स`ला. मग फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथली गुणधर्म-फाइल, मग एकेक पायरी वरचे फोल्डर, मुळापर्यंत. त्यानंतर माझ्या घरच्या फोल्डरमधली माझी स्वतःची, आणि शेवटी अख्ख्या यंत्राची. मी जूनमध्ये प्रयोग करताना `इन्फो/ॲट्रिब्यूट्स`मध्ये एक ओळ लिहून विसरले होते. ती कमिट होत नाही, कुणाला दिसत नाही आणि सगळ्यांवर मात करते.

दोन तास लागले, कारण चेक-ॲट्र उत्तर देतो पण ते कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीतून आले ते सांगत नाही. दुर्लक्षित फाइल्ससाठीची `चेक-इग्नोर` ही आज्ञा `-व्ही` दिले की ओळ क्रमांकासकट सांगते. तीच सोय इथे असायला हवी, असे मला मनापासून वाटते. तोवर माझी स्क्रिप्ट सुरुवातीलाच पाहते की `इन्फो/ॲट्रिब्यूट्स` आहे का, आणि असेल तर थांबते.

१ ऑगस्ट

चेक-ॲट्र कामाच्या फोल्डरमधली गुणधर्म-फाइल वाचतो. आर्काइव्ह मात्र ज्या कमिटची झिप करायची त्या कमिटमधली वाचते. काल मी एक ओळ जोडली, तपासली, ठीक दिसली, कमिट करायची राहिली. झिप जुन्याच नियमांनी झाली. आता `--सोर्स=हेड` देऊन ताज्या कमिटलाच विचारते. ही सोय गिट २.४० पासूनची. माझ्याकडे २.४३ आहे, पण आम्ही ज्या सर्व्हरवर ढकलतो तिथे उबुंटू २२.०४ आणि गिट २.३४.१. तिथे तात्पुरती इंडेक्स-फाइल (गिटची फाइलयादी) ठरवून `गिट रीड-ट्री`ने तो कमिट तिच्यात भरला आणि `चेक-ॲट्र --कॅश्ड` विचारले. कामाचे फोल्डर नसलेल्या बेअर रिपॉझिटरीतही (नुसत्या गिटच्या साठ्यातही) हे चालले.

३ ऑगस्ट

आजचे नीट लिहून ठेवायला हवे.

आजी काही वह्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर स्वतःपुरते लिहायची. ते काय आहे, हे मावशीला आणि मामांना ठाऊक आहे. दोघांनी मिळून ते टाइप केले आणि सांगितले, की हे जपायचे, पण झिपमध्ये द्यायचे नाही. मी त्या फाइल्स उघडलेल्या नाहीत. रिपॉझिटरी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे त्या असणारच, कारण एक्सपोर्ट-इग्नोर फक्त झिपपुरते. म्हणून रिपॉझिटरी आम्हा तिघांतच आहे.

नियम साधा होता: `कोऱ्या-पानांवरचे* एक्सपोर्ट-इग्नोर`. साच्यात तिरपी रेषा नसली की तो कुठल्याही फोल्डरमधल्या नावाला लागू होतो. माझी स्क्रिप्ट सगळ्या मार्गांतून «कोऱ्या» शोधून प्रत्येकाचा गुणधर्म छापायची. पाच फाइल्स, पाचही सेट. गेला आठवडाभर मी ही यादी रोज पाहून निश्चिंत होत होते.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. मी सहज म्हणाले, «तुझ्या पाच फाइल्स व्यवस्थित बंद आहेत गं.»

«पाच? अगं, माझ्या पाच. दादाने तीन केल्यात.»

मी «पानांवरचे» शोधले. आठ आल्या. मामांच्या तिन्ही अनस्पेसिफाइड. कालच्या चाचणी-झिपमध्ये त्या होत्या. झिप माझ्या यंत्राबाहेर गेली नव्हती, एवढेच नशीब.

पडद्यावर आठही नावे सारखी. «कोऱ्या» आणि «कोर्‍या», डोळ्यांना एकच. मग कोटपाथ पुन्हा ट्रू केले. जुलैत वैतागून बंद केलेली ती आकड्यांची माळ आज कामाला आली. मावशीच्या नावात को नंतर ३४०-२४४-२६१, ३४०-२४५-२१५. मामांच्या नावात ३४०-२४४-२६०, ३४०-२४५-२१५, आणि मग ३४२-२००-२१५.

मावशीचा ऱ नुक्त्यासहचा स्वतंत्र ऱ आहे, त्याला हलन्त. मामांचा साधा र आहे, त्याला हलन्त, आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. दोन्ही बरोबर आहेत. नुसता र आणि हलन्त लिहिला तर वर रफार जातो आणि दऱ्याचा दर्या होतो. तो टाळायचे हे दोन रस्ते युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतातच दिले आहेत. पहिला इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेताच्या परंपरेतला, दुसरा युनिकोड २.० शी सुसंगत राहावे म्हणून ठेवलेला. वेगवेगळे कळफलक वेगवेगळा रस्ता धरतात आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

मला वाटले, युनिकोडचे नॉर्मलायझेशन करून नावे एकसारखी करून घ्यावीत. केले. तरी दोन्ही नावे वेगळीच राहिली. वेगळा नुक्ता टाइप केलेला ऱ असता तर तो एकसंध ऱ मध्ये गेला असता. पण ही दोन रूपे युनिकोडच्या लेखी समतुल्यच नाहीत. गिट तर बाइटच पाहतो. आणि माझी स्क्रिप्टही बाइटच पाहत होती, म्हणून जे नियमाला दिसले नाही तेच माझ्या तपासणीलाही दिसले नाही. नियम आणि तपासणी दोन्हीकडे मीच टाइप केलेला एकच ऱ होता. मावशीने मोजून ठेवले नसते तर कळलेच नसते.

४ ऑगस्ट

मामांना सांगितले. ते गप्प झाले. मग म्हणाले, «माझं टायपिंग चुकलं का?» अजिबात नाही, तुमचे लिहिणे बरोबर आहे, मामा, माझा नियम अपुरा होता, असे दोन-तीनदा सांगितले तेव्हा त्यांना पटले.

तिन्ही नावे `गिट एमव्ही`ने बदलली. फाइलनावात अदृश्य जोडचिन्ह आले तर कमिट अडवायचे, अशी तपासणी घातली. फक्त नावात. मजकुरात मामांचा र जसा आहे तसाच राहील.

खरा बदल वेगळाच केला. आतापर्यंतचा नियम «सगळे द्या, एवढे सोडून» असा होता. साचा चुकला की खासगी पान बाहेर. तो उलटा केला. मुळातल्या गुणधर्म-फाइलमध्ये सगळ्यांत वर `*.टीएक्सटी एक्सपोर्ट-इग्नोर`. नुसती तारका मुद्दाम टाळली, कारण ती फोल्डरनाही लागली असती आणि आर्काइव्ह आतच गेले नसते. मग एक मॅक्रो, म्हणजे अनेक गुणधर्मांचे मिळून एक नाव: `[ॲट्र]द्यावे तपास=झाले -एक्सपोर्ट-इग्नोर`. `द्यावे` हेही अर्थात रोमन अक्षरांत. मॅक्रो मुळातल्या फाइलमध्येच लिहिता येतो, वहीच्या फोल्डरमध्ये नाही. जी फाइल शोधून झाली आणि मावशीने हो म्हटले, तिच्या नावाची खाली एक ओळ: नाव, आणि `द्यावे`. एका शब्दात दोन्ही गोष्टी होतात. तारकेचे साचे सगळे काढून टाकले, १२ तारखेला इतका खटाटोप केलेला `भाग-*` सुद्धा.

ओळी खूप झाल्या. पण आता एखाद्या नावातला ऱ जुळला नाही, तर एक ओवी झिपमध्ये यायची राहील. ती नंतर पाठवता येते.

९ ऑगस्ट, रक्षाबंधन

`गिट एलएस-फाइल्स -झेड` मधून सगळे मार्ग `चेक-ॲट्र --स्टडइन -झेड` ला दिले, सोर्स हेड. मजकुराच्या २१४ पैकी १८९ अनसेट, म्हणजे द्यायच्या. २५ सेट. त्यांत हिशेबाच्या ११, कोऱ्या पानांच्या ८, अजून न शोधलेल्या ४. दोन उरल्या. त्या पाहिल्या तर मामांच्या उखाण्यांच्या, नावात «सासऱ्यांचे», पुन्हा तोच र. कमिट अडवणारी तपासणी नव्या नावांसाठी होती, जुनी नावे तिने पाहिलीच नव्हती. दुरुस्त केल्या. द्यायच्या आता १९१.

मग झिप करून तिच्यातली यादी आणि चेक-ॲट्रची यादी शेजारी ठेवून ताडली. एकही फरक नाही. मावशीला फोनवर आकडे वाचून दाखवले. तिने तिच्या वहीतले आकडे वाचले. या वेळी तिने आधी वाचायचे, असे मीच सुचवले होते.

१३ ऑगस्ट

न शोधलेल्या चारांपैकी तीन मावशीने रात्री जागून संपवल्या. द्यायच्या १९४. एका पानाची शाई पसरली आहे, ते तसेच `तपास=बाकी`. झिप केली, ताडली, मामांनी घरच्यांना पाठवली.

मावशीचा निरोप आला. कोऱ्या पानांवरचे आठही भाग तिला छापून हवेत, एकच प्रत, मोठ्या अक्षरांत. `गिट शो`ने एकेक काढून न वाचता छापखान्याऐवजी घरच्या प्रिंटरवर छापले. पाने उलटी घालून पाकिटात भरली आहेत. उद्या साताऱ्याला जाताना नेईन.